इतिहास आणि इंग्रजीचा एकत्र क्लास : एकाच शब्दाला दोघांनी मार्क कापले, क्लास सोडू का?

तीनभाषी_पोरगी

नमस्कार. पोस्ट मोठी होणार आहे हे आधीच सांगते, चिडून लिहितेय.

मी बीए सेकंड इयरला आहे, मेजर इतिहास, मायनर इंग्रजी. कॉलेज सोलापुरातलंच, नाव विचारू नका. ह्या वर्षी आमच्याकडे एक नवीनच प्रकार काढलाय, इतिहासाचे सर आणि इंग्रजीच्या मॅडम मिळून एकच क्लास घेतात, मंगळवार आणि शुक्रवार, सलग दोन तास, दोघंपण एकाच वेळी वर्गात. सर खिडकीपाशी उभे राहतात आणि मॅडम फळा सोडत नाहीत. वही एक, असाइनमेंट एक, मार्क मात्र वेगळे, वीस इतिहासाचे वीस इंग्रजीचे. आणि लिहायचं सगळं इंग्रजीत.

आता माझं सांगते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, पूर्व भागात घर आहे, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. शाळा मराठी मिडियम. म्हणजे तेलुगूत भांडायचं, मराठीत विचार करायचा आणि आता इंग्रजीत लिहायचं. बारावीपर्यंत इंग्रजीचा पेपर मी पाठांतरावर काढलाय, खोटं कशाला बोलू.

पहिली असाइनमेंट होती आपल्या गावातली एक घटना, हजार शब्दांत. मी १९३० घेतलं, कारण सोलापूरच्या पोराला ते झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. ५ मेला गांधीजींना अटक, बातमी इथं आली, हरताळ, ८ मेला लोक रूपाभवानी मंदिराकडं दारूची शिंदीची झाडं तोडायला गेले, गोळीबार, शंकर शिवदारे गेले, मग पुढं गाव इंग्रजांच्या हातात राहिलंच नाही आणि १२ मेला मार्शल लॉ. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी. चार पुतळ्यांवरून रोज रिक्षा जाते माझी, मला वाटलं हे तर आपल्याला येतंच.

मी काय केलं, आधी मराठीत सगळं नीट लिहिलं, चांगलं लिहिलं होतं हो, मग मोबाईलवर ट्रान्सलेट मारलं आणि वहीत उतरवलं. मराठीत मी ‘जमाव’ लिहिलं होतं. मोबाईलनं त्याचं केलं ‘मॉब’. सात ठिकाणी. मला तो शब्द खटकला पण नाही, इंग्रजी आहे म्हणजे बरोबरच असणार.

वही परत आली तर सातही मॉबला सरांनी लाल गोल केलेला, आणि बाजूला मार्जिनमध्ये मराठीत लिहिलेलं, "हा शब्द कुणाचा? तुझा की कलेक्टरचा?" ते वर्गात वाचून पण दाखवलं. नाव घेतलं नाही, पण आमच्या बेंचवरच्या बायांनी माझ्याकडंच बघितलं, कळायचं ते सगळ्यांना कळलं. मॅडमनीपण तेच सात शब्द खोडलेत, वर ‘फायरिंग हॅपन्ड’ ह्या वाक्याखाली दोन रेघा मारल्यात. मार्क इतिहासात ९, इंग्रजीत ८.

म्हणजे एकाच गुन्ह्याला दोन कोर्टात शिक्षा. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या शब्दाची निवड हा भाषेचा भाग आहे. सरांना विचारलं तर म्हणाले दृष्टिकोन हा इतिहासाचा भाग आहे. मी म्हटलं शब्द तर एकच आहे ना सर. ते हसले फक्त.

पुढच्या महिन्यात त्याच विषयावर दुसरा मसुदा द्यायचाय, ह्यावेळी घरातल्या किंवा गल्लीतल्या कुणाशी तरी बोलून. मला विचारायचंय की कुणी असा एकत्र क्लास केलाय का, हे असंच चालतं का, आणि अजून आठ दिवस विषय बदलायची मुदत आहे तर मी इंग्रजी मायनर सोडून दुसरं काहीतरी घेऊ का. मैत्रीण म्हणते मराठी घे, डोक्याला ताप नाही.

गड्ड्यातला_पाळणा

सोड ताई. सोड आणि मोकळी हो.

आमच्या वेळी इतिहास म्हणजे गाईड आणि इंग्रजी म्हणजे पण गाईड, दोन्ही नवी पेठेत एकाच दुकानात मिळायची, एवढाच काय तो एकत्र क्लास. दोन मास्तर एका वर्गात म्हणजे एकाच रिक्षाला दोन ड्रायव्हर की ओ, एक डफरीन चौकाकडं वळवणार दुसरा सात रस्त्याकडं, मरणार कोण तर मागं बसलेलं गिऱ्हाईक.

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय तीन वर्षं झाली. मार्क महत्त्वाचे, बाकी सगळं लै मोठ्या लोकांचं. ९ आणि ८ घेऊन काय करालीस?

बाई_रिटायर्ड

पोरी, आधी शांत हो, मग वाच. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवलं एकतीस वर्षं, आता घरी असते आणि अशा पोस्टी वाचत बसते.

मोबाईलवर फार राग काढू नकोस. तुझ्या मराठीतला ‘जमाव’ काय फार सरळ शब्द आहे असं समजू नको. कुठलाही पेपर उघड, जमाव पांगवण्यासाठी सौम्य लाठीमार, जमावबंदीचा आदेश, बेकायदा जमाव. हा शब्द आपण लग्नाला वापरत नाही. लग्नाला पाहुण्यांचा जमाव आला असं कुणी म्हणतं का? गड्ड्याच्या यात्रेला लाखांनी माणसं येतात त्यांना आपण भाविक म्हणतो, गर्दी म्हणतो, जमाव म्हणत नाही. म्हणजे तो शब्द मराठीतच निम्मा पोलीस होता, मोबाईलनं फक्त त्याच्यावर खाकी चढवली.

आता इंग्रजीचं बघ. क्राउड म्हणजे नुसती गर्दी, बाजारातली पण चालेल. पीपल म्हणजे लोक. प्रोटेस्टर म्हणजे कशासाठी तरी आलेली माणसं. मॉब म्हणजे डोकं फिरलेली गर्दी, हिला काही मागणं नाही, हिला आवरायचंच असतं. एकदा मॉब म्हटलं की पुढचा गोळीबार आपोआप बरोबर ठरतो, बिचाऱ्या सरकारनं दुसरं काय करायचं होतं! तू सात वेळा मॉब लिहून सात वेळा कलेक्टरची बाजू मांडलीस, आणि ती पण चार पुतळ्यांवरून रोज रिक्षानं जाऊन. सरांना राग आला असेल तर मला त्यात नवल वाटत नाही. वर्गात वाचून दाखवायला नको होतं ते मात्र खरं.

दुसरी गोष्ट, ‘फायरिंग हॅपन्ड’. हे तुझं मराठीतलं ‘गोळीबार झाला’. आपण पाऊस झाला म्हणतो तसंच गोळीबार झाला म्हणतो. घरात पोरगं कप फोडतं आणि काय सांगतं? "आई, कप फुटला." मी फोडला असं आजतागायत कुठल्या पोरानं सांगितलंय? कप स्वतःच फुटला, गोळीबार स्वतःच झाला. सरकारी इंग्रजीत हेच पॅसिव्ह व्हॉइसनं करतात, शॉट्स वेअर फायर्ड, ऑर्डर वॉज इश्यूड, सगळं होतं आणि करणारा कुणीच नसतो.

एक कबुली देते. मी एकतीस वर्षं पॅसिव्ह व्हॉइस शिकवला, राम आंबा खातो, आंबा रामाकडून खाल्ला जातो, शेवटचं ‘बाय राम’ गाळलं तरी चालतं हे पण सांगितलं. पण ते ‘बाय राम’ माणसं का गाळतात हे एकदाही सांगितलं नाही, कारण मला पण कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या मॅडम आणि सर मिळून ते सांगतायत. त्यामुळं मार्कांसाठी सोडायचं तर सोड, पण क्लास वाईट आहे म्हणून सोडू नको.

मार्क दोनदा कापले ह्यात मी तुझ्या बाजूनं आहे. दोघांनाही भेटून सांग की कशाला किती गुण हे आधी कागदावर द्या. भांडायचं नाही, नुसतं मागायचं. चांगले मास्तर असतील तर त्यांनाच लाज वाटेल.

आणि लिहिताना एवढं कर, ट्रान्सलेट बंद. इंग्रजीतच पाच-सहा शब्दांची वाक्यं लिही, बाळबोध दिसली तरी चालतील. मग प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीनं ‘कुणी?’ असं लिहीत जा. जिथं उत्तर येत नाही तिथं तुला माहिती नाहीये, इंग्रजी येत नाही असं नाही.

बार्शीकर_०७

ताई तुझं नशीब चांगलं आहे. आमच्याकडे पण ‘एकत्र क्लास’ होता मागच्या वर्षी, म्हणजे काय तर इंग्रजीच्या सरांचं वर्कलोड भरत नव्हतं म्हणून टाइमटेबलमध्ये दोन विषय एका चौकटीत बसवले होते. सोमवारी इतिहास, गुरुवारी इंग्रजी, दोघांची वर्षभरात एकमेकांशी गाठ नाही, परीक्षेत अर्धा पेपर ह्यांचा अर्धा त्यांचा, मधी स्टेपल. दोघं एका वेळी वर्गात येतात हेच ऐकून मला आश्चर्य वाटलं.

आणि ट्रान्सलेटचं म्हणशील तर आमच्या वर्गातल्या एकानं ‘शिवाजी महाराजांनी गड सर केला’ हे टाकलं होतं, सर म्हणजे मास्तर धरला मोबाईलनं. पूर्ण वर्ग आडवा.

साखरपेठ_पुस्तककिडा

बाईंनी छान समजावलं आहे पण एक बाजू राहिली असं मला वाटतं, ती मांडतो, कुणी अंगावर येऊ नका.

‘कुणी?’ हा प्रश्न विचारायचा तर तो दोन्हीकडं विचारा. त्या दिवसांत फक्त गोळीबारच झाला असं नाही, मंगळवार पेठेच्या चौकीवरचे पोलीसपण मेले. ते पण सोलापुरातच राहणारे, इथलीच पोरंबाळं असणारे शिपाई. त्यांच्या खुनाचा आरोप ठेवूनच चौघांना फासावर दिलं. चौघांना नाहक गोवलं असं गावानं तेव्हापासून मानलंय आणि मी पण त्याच मताचा आहे, पण म्हणून आपल्या निबंधातून ते पोलीस गायबच करायचे का? गोळीबार ‘झाला’ म्हणायचं नाही आणि पोलीस मात्र ‘मारले गेले’ म्हणून पुढं जायचं, हे बरोबर नाही. तू काय लिहिलं होतंस ताई?

अजून एक, चौघांची नावं एका ओळीत लिहून सोडून देऊ नको. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नुसती आडनावं वाच आणि ह्या चार घरांत चुलीपाशी कुठल्या कुठल्या भाषा चालत असतील ते डोळ्यापुढं आण. कुर्बान हुसेन तर स्वतः वृत्तपत्र चालवायचे, गझनफर नावाचं. शब्द कुणाचा हे कळणारा माणूस होता तो. तुझ्या भाषेच्या क्लासला ह्यापेक्षा चांगला विषय मिळायचा नाही.

वाचायला हवं असेल तर त्या वेळचं बॉम्बे क्रॉनिकल बघ, फिरोजशहा मेहतांनी सुरू केलेलं, काँग्रेसच्या बाजूचं, आणि शेजारी टाइम्स ठेव, तो तेव्हा गोऱ्यांच्या मालकीचा. दोन्ही इंग्रजीच, पण एकाच दिवसाची बातमी शेजारी शेजारी ठेवली की तुझे सर कशासाठी गोल करतात ते कळेल. आणि त्याच्याही मागचं बघायचं असेल तर १८८४ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, त्यातला विसावा खंड सोलापूरचा, ऑनलाइन मिळतो, शोधताना ‘शोलापूर’ असं टाकायचं, साहेबाला स म्हणता येत नव्हता की काय कुणास ठाऊक.

गड्ड्यातला_पाळणा

एवढं सगळं वाचून माझं मत अर्धं बदललं. अर्धंच.

पण खरं सांगू का, राज्यसेवेची मेन्स आता डिस्क्रिप्टिव्ह झालीय आणि निबंधात मी पण सगळीकडं ‘निर्णय घेण्यात आला’, ‘उपाययोजना करण्यात आल्या’ असंच लिहालोय. कुणी घेतला निर्णय, मला काय माहीत बे. क्लासच्या नोट्समध्ये तसंच आहे.

बाई_रिटायर्ड

‘करण्यात आल्या’ हे आमच्या शाळेच्या अहवालातपण होतं. ‘वृक्षारोपण करण्यात आले.’ झाडं कुणी लावली तर शिपाईमामांनी. फोटोत मुख्याध्यापक.

तीनभाषी_पोरगी

@साखरपेठ_पुस्तककिडा, दादा तुम्ही माझी वही बघितली काय? मी पोलिसांबद्दल एक ओळपण लिहिली नव्हती आणि सरांनी शेवटच्या पानावर तेच लिहिलंय, "चौकीवरचे पोलीस कुठं गेले?" मला वाटलं होतं ते लिहिलं तर हुतात्म्यांचा अपमान होईल. सरांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, तू झाकलंस तर वाचणाऱ्याला वाटेल झाकण्यासारखं काहीतरी आहे.

बाई, तुमचं वाचून मी काल दोघांना भेटले. पोट दुखत होतं भीतीनं. कागदावर गुण मागितले. मॅडमनी सरांकडं बघितलं, सरांनी मॅडमकडं, आणि मग दोघं माझ्यासमोरच वाद घालायला लागले, खरंच. मॅडमचं म्हणणं आता असं की व्याकरण बरोबर आणि शब्द चुकीचा असेल तर इंग्रजीचे मार्क कापू नयेत, सरांचं म्हणणं मग तो शब्द इंग्रजीत काय करतो हे कोण शिकवणार. पंधरा मिनिटं मी उभी. शेवटी ठरलं की शब्दाचे मार्क एकाच ठिकाणी, दोघांनी मिळून द्यायचे, आणि मागच्या असाइनमेंटला पण दोन-दोन मार्क वाढवले. ११ आणि १०. पास म्हणायला हरकत नाही.

विषय अजून बदललेला नाही. मुदत शनिवारपर्यंत आहे, बघते.

आता अव्वाशी बोलायचंय, म्हणजे माझी आज्जी, बाबांची आई. तिच्या सासूनं मार्शल लॉ बघितलेला, तिच्याकडून ऐकलेलं ती सांगते अधूनमधून. ती त्याला ‘मार्शला’ म्हणते, मी लहानपणी समजायची कुणीतरी मार्शला नावाची बाई असेल, वाईट सासूसारखी.

बार्शीकर_०७

मार्शला बाई 😂

रेकॉर्डिंग कर मोबाईलवर. आणि विचारून कर, चोरून नको.

साखरपेठ_पुस्तककिडा

आणि वहीत वर लिही, सांगणारीचं वय, कुठल्या दिवशी बोललीस, आणि तिनं स्वतः बघितलंय की ऐकलंय. ऐकीव असलं तरी चालतं, ऐकीव आहे एवढं लिहिलं पाहिजे.

तीनभाषी_पोरगी

तीन आठवड्यांनी आलेय. विषय बदलला नाही, शनिवार निघून गेला, खरं म्हणजे त्या शनिवारी लाईट नव्हती आणि मी अव्वासोबत गच्चीत बसले होते, तिथंच सगळं रेकॉर्ड केलं. लाईट नाही म्हणून खालचे माग बंद, नाहीतर आमच्या गल्लीत खटखट इतकी असते की रेकॉर्डिंगमध्ये तेवढंच आलं असतं.

अव्वानं जे सांगितलं ते असं. माझे पणजोबा हातमागावर होते, खड्ड्याचा माग, म्हणजे विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात, तिथं पावड्या असतात, पायानं दाबायच्या. ते पांढरी टोपी घालायचे, गांधी टोपी. मार्शल लॉमध्ये ती टोपी डोक्यावर दिसली की पकडायचे. मग ती टोपी मागाच्या खड्ड्यात लपवली, पावड्यांच्या मागं, फडक्यात गुंडाळून. सोल्जर गल्लीत आले होते एकदा. आमच्या घरात शिरले नाहीत, माग बघितला आणि गेले. एवढंच. मला वाटलं होतं मोठं काहीतरी निघेल, पण एवढंच निघालं.

मग लिहायला बसले. ट्रान्सलेट बंद, बाईंनी सांगितलं तसं छोटी छोटी वाक्यं. मागाचं वर्णन बरं जमलं, पिट लूम म्हणतात हे मॅडमनी सांगितलं. पण टोपीच्या वाक्याला अडकले. अव्वा तेलुगूत म्हणाली होती, "टोपी दाचिपेट्टिंड्रु". म्हणजे टोपी लपवून ठेवली. आता हे ‘इंड्रु’ आमच्यात मोठ्या माणसाला मान देऊन पण म्हणतात आणि अनेकांना पण म्हणतात, बाई असो बाप्या असो. पणजोबांनी लपवली तरी तेच, पणजीनं लपवली तरी तेच, दोघांनी मिळून लपवली तरी तेच. मराठीत पण ‘टोपी लपवली’ म्हणून मी सुटले असते. इंग्रजीत ही म्हणू की शी म्हणू की दे म्हणू, काहीतरी एक लिहावंच लागतं. नाहीतर आहेच आपलं, कॅप वॉज हिडन.

आधी मी सरळ ही लिहून टाकलं. टोपी त्यांची, तेच लपवणार. मग पेन्सिलीनं ‘कुणी?’ लिहिलं आणि वाटलं की विचारून तरी बघू. अव्वा विड्यांची पानं कातरत होती, वर पण न बघता म्हणाली, ते कशाला लपवतील, ते तर घालून बाहेर निघाले होते. सासूबाईंनी डोक्यावरून ओढून काढली, खड्ड्यात टाकली आणि त्या खड्ड्याच्या काठावर जाऊन बसल्या. सासऱ्यांनी दोन दिवस जेवण सोडलं. सासूबाईंनी वाढायचं सोडलं नाही, ताट ठेवायच्या आणि उचलायच्या.

आमच्या घरात ही गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली असेल. पणजोबा हुशार, पणजोबांनी सोल्जरला चकवलं, असंच बाबा पण सांगतात. पणजीचं नाव पण मला माहिती नव्हतं, तेव्हाच विचारून घेतलं.

मी असाइनमेंटमध्ये शी लिहिलं. वर्गात ह्यावेळी मॅडमनी वाचून दाखवलं, मला विचारून. इतिहासात १५, इंग्रजीत १२, आर्टिकल अजूनपण चुकतात माझे, अ आणि द मध्ये मी कायम गोंधळते, त्याचे तीन मार्क गेले आणि गेलेच पाहिजेत. पोलिसांबद्दल एक परिच्छेद घातला ह्यावेळी. सर त्याच्यावर खूष नाहीत, म्हणाले घाईत उरकलंस. ते खरं आहे.

आणि अव्वा ह्या शब्दाचं काय करायचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या तसाच ठेव, ग्रँडमदर करू नको, वाक्यातच कळेल असं लिही की ती वडिलांची आई आहे.

गड्ड्यातला_पाळणा

ताई वाचताना अंगावर काटा आला बे. म्हणजे तुमच्या घरात इतकी वर्षं टोपी लपवण्यात आली होती.

बाई_रिटायर्ड

😄 ह्याला पण कळलं शेवटी.

पोरी, नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी बायकोनं काढली आणि ते पण त्या काळात. वडिलांना सांगितलंस का? ते काय म्हणाले?

तीनभाषी_पोरगी

बाबा म्हणाले अव्वाला आता वयामुळं नीट आठवत नाही. अव्वा आतूनच म्हणाली, मला सगळं आठवतं, तुझं लग्नातलं रुसणं पण आठवतं. मग बाबा गप्प.

बार्शीकर_०७

टोपीचं काय झालं पण पुढं? आहे का अजून घरात?

तीनभाषी_पोरगी

नाही ओ. मी पण तेच विचारलं. जूनच्या शेवटी मार्शल लॉ उठला तेव्हा पणजोबा स्वतः खड्ड्यात उतरले काढायला, तर फडकं शाबूत आणि टोपी उंदरानं कुरतडलेली. हे वाक्य इंग्रजीत मी एका दमात लिहिलं, कुणी कुरतडली हे कुणाला विचारावं लागलं नाही.